विश्लेषण : ‘निलगिरी’ वर्गाच्या युद्धनौका ७५ टक्के स्वदेशी, मग इंजिन परदेशी का? पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्याला ते का जमले नाही?

मुंबईच्या माझगाव डॉकने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘तारागिरी’ ही निलगिरी वर्गातील चौथी युद्धनौका नौदलाच्या हवाली केली. या वर्गातील नौका हस्तांतरित होते तेव्हा एक आकडा आवर्जून सांगितला जातो, तो म्हणजे ७५ टक्के स्वदेशी सामग्री. आकडा खरा आहे आणि त्यामागची मेहनतही मोठी आहे. पण उरलेल्या २५ टक्क्यांत काय येते, हे फारसे कोणी विचारत नाही. त्यात जहाज पुढे ढकलणारी डिझेल इंजिने आणि गॅस टर्बाइन यांचा मोठा वाटा आहे. माझगाव डॉकपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या चाकणमध्ये मोटारसायकलपासून मर्सिडीजपर्यंतची इंजिने तयार होतात. मग युद्धनौकेचे इंजिन बाहेरून का आणावे लागते?

निलगिरी वर्ग म्हणजे नेमके काय?

प्रकल्प १७ अ अंतर्गत बांधल्या जाणाऱ्या सात बहुउद्देशीय फ्रिगेटचा हा वर्ग आहे. निलगिरी, उदयगिरी, तारागिरी आणि महेंद्रगिरी या चार नौका माझगाव डॉककडे, तर हिमगिरी, दुनागिरी आणि विंध्यगिरी या तीन कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सकडे आहेत. सुमारे ४५ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचे करार २०१५ मध्ये झाले. ‘आयएनएस निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ताफ्यात आली. उदयगिरी आणि हिमगिरी २६ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणमला एकाच दिवशी दाखल झाल्या. दोन वेगवेगळ्या गोद्यांत बांधलेल्या मोठ्या युद्धनौका एकत्र दाखल होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

नाव जुनेच आहे. पहिली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये याच माझगाव डॉकमधून बाहेर पडली. तिचा आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा होता आणि ती वाफेच्या टर्बाइनवर चालत असे. आजच्या निलगिरीचा आराखडा नौदलाच्या स्वतःच्या युद्धनौका आरेखन विभागाने केला आहे. या विभागाने आरेखन केलेली शंभरावी नौका ‘उदयगिरी’ ठरली. विमानाचा किंवा रणगाड्याचा आराखडा बाहेरून आणण्याची सवय असलेल्या देशात नौदलाने हे काम साठच्या दशकापासून स्वतःच्या घरात ठेवले, हे त्याचे मोठे श्रेय.

रडारला चकवा देणारा आकार

नौकेची लांबी १४९ मीटर, विस्थापन ६,६७० टन. २०१० पासून सेवेत आलेल्या शिवालिक वर्गापेक्षा ती सुमारे ५ टक्के मोठी आहे, तरी शत्रूच्या रडारवर ती लहान दिसावी अशी तिची बांधणी आहे. वरच्या बांधकामाच्या भिंती सरळ उभ्या नसून कललेल्या आहेत. रडारलहरी त्यांच्यावर आपटून आल्या वाटेने परत न जाता भलतीकडे वळतात. शिवालिकवर डेकच्या वर उभा राहणारा क्षेपणास्त्र प्रक्षेपक होता. निलगिरीवर क्षेपणास्त्रे डेकखालच्या उभ्या नळकांड्यांत बसतात, वर फक्त झाकणे दिसतात. दोर, नांगर, होड्या असा पसाराही शक्य तितका आत घेतला आहे.

सांगाड्याचे पोलाद डीएमआर-२४९ अ या जातीचे आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने ते विकसित केले आणि स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाने बनवले. त्याआधी युद्धनौकेचे पोलाद रशियाकडून येत असे. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी, कारण इंजिनाच्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी तिथेच सापडते.

शस्त्रे कोणती?

जहाजे आणि किनाऱ्यावरील लक्ष्यांसाठी आठ ब्राह्मोस स्वनातीत क्षेपणास्त्रे. विमाने आणि क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी ३२ बराक-८, जी डीआरडीओ आणि इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीज यांनी मिळून विकसित केली आहेत. पुढच्या डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ, आणि सगळे अडथळे पार करून जवळ आलेल्या क्षेपणास्त्रासाठी ३० मिलिमीटरच्या शीघ्रगती तोफा. पाणबुडीविरुद्ध पाणतीर आणि रॉकेट. शिवाय पाणबुडी शोधणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी मागे हँगर.

‘बहुउद्देशीय’ या शब्दाचा अर्थ या यादीतच आहे. विमानवाहू नौकेच्या ताफ्यात पाणबुड्यांवर पाळत ठेवायची असो वा एडनच्या आखातात एकट्याने व्यापारी जहाजांना सोबत करायची असो, नौका तीच.

डोळे आणि कान कोणाचे?

नौकेचा मुख्य डोळा म्हणजे इस्रायलचे एमएफ-स्टार रडार. जुनी रडार गोल फिरतात, त्यामुळे एका दिशेला पुन्हा पाहण्यासाठी एक फेरी पूर्ण व्हावी लागते. एमएफ-स्टारची चार पटले मनोऱ्याच्या चार बाजूंना पक्की बसवलेली असतात आणि चारही दिशांना एकाच वेळी पाहतात. ध्वनीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत एका फेरीचा वेळही महाग पडतो.

कान मात्र देशी आहेत. कोचीच्या नौदल भौतिक व सागरविज्ञान प्रयोगशाळेने विकसित केलेला आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘हमसा-एनजी’ सोनार पाण्याखालचे आवाज टिपतो. सोनार ज्या घुमटात बसतो, तो घुमट हेही एक कोडेच असते. ध्वनी त्यातून विनाअडथळा आरपार जायला हवा आणि लाटांचा मारा सोसण्याइतका तो भक्कमही हवा. असे घुमट पूर्वी आयात होत. संमिश्र साहित्याच्या देशी घुमटाचे आरेखन पिंपरी-चिंचवडच्या हद्दीला लागून, आळंदी रस्त्यावर असलेल्या डीआरडीओच्या दिघी येथील संशोधन व विकास आस्थापनेने केले, तो गोव्यातील किनेको कंपनीने बनवला आणि २०१६ मध्ये नौदलाला पहिला घुमट मिळाला. नौदलासाठी विकसित होत असलेल्या कमी पल्ल्याच्या व्हीएल-एसआरसॅम या विमानवेधी क्षेपणास्त्रातही हैदराबादच्या दोन प्रयोगशाळांबरोबर ही संस्था आहे. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर नौदलाचे काम चालते याची कल्पना खुद्द दिघी-भोसरीतल्या अनेकांना नसते.

७५ टक्के हा आकडा कसा ठरतो?

तो किमतीवरून ठरतो, नगांवरून किंवा महत्त्वावरून नाही. कराराच्या एकूण किमतीतून आयातीवर गेलेला खर्च वजा केला की स्वदेशी वाटा उरतो. पोलाद, वेल्डिंग, केबल, पंप, वातानुकूलन, फर्निचर, हजारो कामगारांची वर्षानुवर्षांची मजुरी हे सगळे त्यात येते आणि यायलाही हवे. माझगाव डॉकच्या नौकांसाठी २०० हून अधिक सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांनी माल पुरवला आहे.

नौदल स्वतः जहाजाचे तीन भाग करते : तरंगणे, चालणे आणि लढणे. तरंगण्याच्या भागात, म्हणजे सांगाडा आणि त्यातील सोयींत, स्वदेशीकरण जवळपास पूर्ण झाले आहे. चालण्याचा भाग, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि पंखे, मागे आहे. लढण्याच्या भागात ब्राह्मोस आणि बराकसारख्या भागीदाऱ्यांमुळे चित्र संमिश्र आहे. या तिघांची सरासरी काढली की ७५ टक्के येतात. पण सरासरीने कोणतेही जहाज गोदीतून निघत नाही.

निलगिरी चालते कशावर?

पाण्यात वेग वाढवायचा तर शक्ती फार झपाट्याने वाढवावी लागते. ढोबळमानाने वेग दुप्पट करायला आठपट शक्ती लागते. म्हणून या नौकेवर दोन प्रकारची इंजिने आहेत. रोजच्या प्रवासाला दोन डिझेल इंजिने, जी कमी इंधनात खूप दूर नेतात. शत्रूचा पाठलाग करायचा किंवा निसटायचे असेल, तर दोन गॅस टर्बाइन. एका वेळी यांपैकी एकच जोडी चालते. २८ नॉट, म्हणजे ताशी ५० किलोमीटरहून थोडा जास्त वेग टर्बाइनवर मिळतो. शांतपणे गेल्यास एका इंधनभरणीत नौका सुमारे ५,५०० सागरी मैल, म्हणजे दहा हजार किलोमीटर जाऊ शकते, आणि ते श्रेय डिझेलचे.

टर्बाइन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची एलएम-२५०० आहेत. त्यांची जुळणी बेंगळूरुमध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स करते. डिझेल इंजिने जर्मनीच्या मान कंपनीची, १२ सिलिंडरची, प्रत्येकी सुमारे ६ मेगावॅटची. त्यांच्या नावातच ‘२८/३३’ हा आकडा आहे : सिलिंडरचा व्यास २८ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ३३ सेंटिमीटर. गणित केले तर एका सिलिंडरचे आकारमान २० लिटरच्या आसपास येते. कार्यालयात येणारा पाण्याचा जार डोळ्यांपुढे आणा. असे बारा जार म्हणजे हे इंजिन. चाकणमधून बाहेर पडणाऱ्या एखाद्या छोट्या मोटारीच्या इंजिनाचे आकारमान साधारण सव्वा ते दीड लिटर असते.

चाकणला हे का जमत नाही?

‘तंत्रज्ञान नाही’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. बजाज आकुर्डीत आणि टेल्को पिंपरीत आली त्याला सहा दशके झाली. त्या काळात या पट्ट्यात ओतकाम, घडाई, यंत्रण, उष्णताप्रक्रिया यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी मुरली आहे. फोर्स मोटर्स चाकणमध्ये मर्सिडीजसाठी इंजिने बनवते. याच कंपनीचा रोल्स-रॉइस पॉवर सिस्टीम्सबरोबरचा संयुक्त प्रकल्पही चाकणमध्येच आहे आणि त्यात एमटीयूची इंजिने तयार होतात. एमटीयू हे नाव जगभरच्या नौदलांना परिचित आहे. चाकणची इंजिने मात्र वीजनिर्मिती आणि रेल्वेसाठीची, आकाराने बरीच लहान. वाहनांच्या क्रँकशाफ्टसाठी जगभर ओळखली जाणारी भारत फोर्जही पुण्याचीच.

अडचण आहे ती संख्येची. सात नौका, प्रत्येकी दोन डिझेल इंजिने, म्हणजे संपूर्ण निलगिरी वर्गासाठी एकूण १४ इंजिने. दहा वर्षांहून जास्त चाललेल्या ४५ हजार कोटींच्या प्रकल्पात फक्त १४! चाकणच्या मोटारसायकल कारखान्यात तेवढी इंजिने चहाच्या सुट्टीआधी जुळून होतात. वाहन उद्योगाचे सारे अर्थशास्त्र लाखोंच्या संख्येवर उभे आहे. साचा महाग पडला तरी चालते, कारण तो खर्च लाखो नगांवर वाटला जातो. १४ नगांसाठी नवे इंजिन आरेखित करणे, त्याची चाचणी-बाक उभारणे, शेकडो तास ते चालवून पाहणे हे कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात बसत नाही.

मग मानला ते कसे परवडते? त्यांची इंजिने फेरी बोटी, गस्तनौका आणि जगभरच्या अनेक नौदलांत जातात. कोरिया, चीन आणि जपानमध्ये इंजिन कारखाने व्यापारी जहाजबांधणीच्या आधाराने वाढले. जागतिक जहाजबांधणीत भारताचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. देशात जहाजेच बांधली जात नसतील तर जहाजाचे इंजिन बनवणार कोणासाठी? रेल्वेची मागणी हा एक आधार होता. वाराणसीच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून परवान्यावर मोठी डिझेल इंजिने तयार झाली, पण विद्युतीकरणामुळे तो ग्राहकही आता मागे सरला.

युद्धनौकेच्या इंजिनाच्या अटीही वेगळ्या असतात. जवळ पाणसुरुंग फुटला तर बसणारा हादरा सहन करून ते चालू राहिले पाहिजे. त्याचा आवाज पाण्यात कमीत कमी उतरला पाहिजे, नाहीतर शत्रूच्या पाणबुडीला पत्ता मिळतो आणि आपलाच सोनारही बहिरा होतो. मोटारीचे इंजिन कमी आवाजाचे असावे ही ग्राहकाची हौस. इथे त्यावर २२५ च्या आसपास नौसैनिकांचे प्राण अवलंबून असतात.

परवान्यावर बनवले तर काय बिघडले?

परवाना आजवरचा मार्ग होता आणि त्याचा उपयोग झालाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने फ्रेंच पिलस्टिक इंजिने परवान्यावर बनवली. कमोर्ता वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौका त्यांवरच चालतात. गार्डन रीचच्या रांचीतील कारखान्यात एमटीयू इंजिनांची जुळणी होते. पण परवान्यात नकाशे मिळतात, त्या नकाशामागचा हिशेब मिळत नाही. भाग कसा बनवायचा ते कळते, तो तसाच का बनवायचा ते कळत नाही. इंधन फवारणी, टर्बोचार्जर, नियंत्रण संगणक असे नाजूक घटक मूळ कंपनीकडूनच येत राहतात.

आणि मूळ देशाने हात आखडता घेतला तर? याची दोन ताजी उदाहरणे आहेत. २०१४ मध्ये क्रिमियाच्या घटनेनंतर युक्रेनने रशियाला जहाजांचे टर्बाइन देणे बंद केले. कालिनिनग्राडच्या गोदीत फ्रिगेटचे सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. त्यातले दोन अखेर भारताने घेतले. त्यांचे टर्बाइन भारताने युक्रेनकडून विकत घेऊन रशियन गोदीला पुरवले आणि ‘आयएनएस तुशील’ डिसेंबर २०२४ मध्ये ताफ्यात आली. रशियासारख्या बलाढ्य देशाची जहाजबांधणी एका कारखान्याच्या नकाराने थांबली. दुसरे उदाहरण थायलंडचे. त्याने चीनकडे पाणबुडी मागवली, तिला जर्मन एमटीयू इंजिन बसणार होते. युरोपीय शस्त्रबंदीमुळे जर्मनीने ते चीनला द्यायला नकार दिला. व्यवहार काही वर्षे रखडला आणि शेवटी थायलंडला चिनी इंजिन मान्य करावे लागले.

अमेरिका किंवा जर्मनी भारताशी असे वागतीलच असे नाही. तरी १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंधांमुळे नौदलाच्या ब्रिटिश सी-किंग हेलिकॉप्टरचे सुटे भाग अडकले होते, हे नौदल विसरलेले नाही. आणि फ्रिगेट तीस-पस्तीस वर्षे वापरायची असते. तेवढ्या काळात जगाची मांडणी दोनदा बदलते.

६ मेगावॅटचा करार काय आहे?

नौदलाने २ एप्रिल २०२५ रोजी किर्लोस्कर ऑइल इंजिन्सबरोबर ६ मेगावॅटच्या मध्यमगती सागरी डिझेल इंजिनाचा नमुना आरेखित आणि विकसित करण्याचा करार केला. खर्च २७० कोटी रुपये, त्यातील ७० टक्के सरकार देणार. स्वदेशी वाटा ५० टक्क्यांहून जास्त असावा अशी अट आहे. ३ ते १० मेगावॅट क्षमतेच्या इंजिनांचे आरेखनही याच कामात येते. ६ मेगावॅट हा आकडा वर आलाच आहे : निलगिरीचे एकेक जर्मन इंजिन साधारण तेवढ्याच शक्तीचे आहे.

पोलादाची गोष्ट इथे आठवते. डीएमआर-२४९ अ बनले ते बाजाराने मागणी केली म्हणून नव्हे, तर रशियन पुरवठा बेभरवशाचा झाल्यावर सरकारने संशोधनाचा आणि सुरुवातीच्या उत्पादनाचा भार उचलला म्हणून. इंजिनाबाबत तेच आता होत आहे, बरेच उशिरा. २७० कोटी ही रक्कम नव्या इंजिनासाठी मोठी नाही. जगातील मोठ्या कंपन्या एका इंजिन मालिकेवर याच्या कितीतरी पट खर्च करतात. नमुना चालला तरी नौदलाने तो पुढच्या नौकांसाठी निश्चित केला नाही, तर तो संग्रहालयात जाईल. कावेरी इंजिनाची १२ मेगावॅटची सागरी आवृत्ती विशाखापट्टणमला चाचणीपर्यंत पोहोचली होती, पण फ्रिगेटला त्याहून मोठा टर्बाइन लागतो आणि गाडी तिथेच थांबली. टर्बाइनचा प्रश्न त्यामुळे अजून जसाच्या तसा आहे. युक्रेनच्या झोर्या मशप्रोएक्टच्या भारतीय कंपनीत भारत फोर्जने ५१ टक्के हिस्सा घेतला, तो याच पोकळीकडे पाहून.

पट्ट्यातील लघुउद्योगांना काय मिळेल?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीच्या प्रदर्शन केंद्रात राज्याचे संरक्षण उद्योग प्रदर्शन भरले, तेव्हा भोसरी-चाकणच्या उद्योजकांची गर्दी होती. विजेवरच्या वाहनांमुळे इंजिनाच्या सुट्या भागांचे भवितव्य धूसर होत आहे आणि पर्याय शोधणाऱ्यांना संरक्षण क्षेत्र खुणावते. खुणावणे स्वाभाविक असले तरी सावध राहणे बरे. नौदलाचे काम मोटारीच्या कामाची जागा घेऊ शकत नाही. १४ इंजिनांच्या पिस्टनवर कारखाना चालत नाही. नोंदणी, दर्जा तपासणी, हादरा चाचणी यांत दोन-तीन वर्षे जातात, ऑर्डर दहा-वीस नगांची असते आणि पुढची कधी येईल ते सांगता येत नाही. मोठ्या कंपनीला हे झेपते, वीस कामगारांच्या वर्कशॉपला बँकेचा हप्ता थांबत नाही.

ज्यांना ते झेपेल त्यांच्यासाठी मात्र एक दार खरोखर उघडे आहे, आणि ते युद्धनौकांपेक्षा मोठे आहे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. देशात व्यापारी जहाजे, टग, फेरी बोटी खरोखर बांधल्या जाऊ लागल्या तर ३ ते १० मेगावॅटच्या इंजिनांना नौदलाबाहेरचा ग्राहक मिळेल आणि १४ चे गणित शेकड्यांत जाईल. नौदलाचा पुढचा फ्रिगेट प्रकल्प, १७ ब, सध्या आखणीत आहे. इंजिनाची निवड आराखड्याच्या सुरुवातीलाच करावी लागते, कारण इंजिनाच्या खोलीभोवतीच बाकीचे जहाज उभे राहते. किर्लोस्करचा नमुना त्याआधी चाचणी-बाकावर सिद्ध झाला नाही, तर त्या नौकांतही पुन्हा आयात केलेले इंजिन बसेल आणि पुढची संधी दहा-पंधरा वर्षांनी येईल.